बोटभर हवेचा पहारा

नळाचे पाणी जाण्याची वेळ झाली की उघड्या तोटीच्या तोंडावर तळहात धरून पाहावा. पुष्कळदा तो आत ओढल्यासारखा वाटतो. थेट महापालिकेच्या वाहिनीतून पाणी घेणाऱ्या बैठ्या घरांत, चाळींत आणि विशेषतः चढावरच्या वस्त्यांत हे सहज जाणवते. पाणी यायच्या वेळी तीच तोटी आधी फुसफुसते, दोन-चार गढूळ पिचकाऱ्या टाकते आणि मग सुरळीत वाहू लागते. फुसफुसणे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. ओढण्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. तोटीला रबरी नळी लावून तिचे टोक बादलीत बुडवून ठेवलेले असेल, तर पाणी गेल्यावर बादलीतले पाणी उतरू लागते. बादली फुटलेली नसते. तिच्यातले पाणी साबणासकट आणि कपड्यांच्या मळासकट आल्या वाटेने परत निघालेले असते, आणि ती वाट रस्त्याखालच्या जलवाहिनीला जाऊन मिळते.

यालाच उलटा प्रवाह म्हणतात. धरणातले पाणी तुरटीने निवळते, वाळूच्या थरांतून गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळतात, प्रयोगशाळेत ते तपासले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते निर्दोष असते. त्यानंतर ते शहराखालून कित्येक किलोमीटर जाते, हजारो जोडण्यांना स्पर्श करते, आणि या जोडण्यांपैकी एखादी जरी चुकीची असली तरी केंद्रातले सगळे कष्ट वाया जाऊ शकतात. शहराच्या पाण्याचा खरा कस लागतो तो या शेवटच्या टप्प्यात. तो कसा राखला जातो, ही माणसाच्या बुद्धीची एक विलक्षण आणि फार कमी सांगितली गेलेली हकिकत आहे.

पाइपला दिशा नसते. पाणी कुठून कुठे जाणार हे दोन टोकांच्या दाबांतला फरक ठरवतो. आपण शहाळ्याचे पाणी नळीने ओढतो तेव्हा तोंडातला दाब कमी करतो. शहाळ्यातल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा ते पाणी वर ढकलते. हवेचा हा भार समुद्रसपाटीला पाण्याच्या सुमारे १०.३ मीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. तो मोजण्याची युक्ती इटलीत टोरिचेली याने सतराव्या शतकात शोधली आणि विहिरीतून ओढून पाणी वर आणणारे पंप सुमारे १० मीटरपुढे हार का मानतात याचे कोडे सुटले. हाच भार आपल्या मोरीतल्या बादलीवर आहे, रस्त्याकडेच्या गटारातल्या पाण्यावर आहे, कमोडच्या भांड्यावर आहे. जलवाहिनीतला दाब हवेच्या दाबाहून कमी झाला की या सगळ्या ठिकाणचे पाणी आत शिरायला तयारच असते. त्यासाठी घाण पाणी वाहिनीपेक्षा उंचावर असण्याचीही गरज नाही, कारण हवा ते कित्येक मीटर वर चढवू शकते.

एरवी वाहिनीत दाब भरलेला असतो, म्हणून आपण सुरक्षित असतो. जमिनीखालच्या जुन्या वाहिनीला भेगा असतातच, सांधे झिरपतातच. दाब असेपर्यंत त्या भेगांतून शुद्ध पाणी बाहेर पडते. ते नुकसान आहे, पण त्यातून आजार येत नाही. दाब गेला की तीच भेग दार बनते आणि भोवतालच्या ओल्या मातीतले, शेजारच्या मलवाहिनीतून झिरपलेले पाणी आत येते. म्हणून दाब हा पाण्याचा पहिला रक्षक आहे, क्लोरीन त्याच्यानंतरचा. पाण्याच्या गुणवत्तेवर बोलताना आपण धरणे, गाळण यंत्रणा आणि औषधे यांवर तासन् तास बोलतो आणि दाबाचा उल्लेखही करत नाही, हे मला फार खटकते.

दाब का जातो? कुठे मोठी वाहिनी फुटते. कुठे आग लागते आणि अग्निशमन दल एकाच ठिकाणाहून प्रचंड पाणी खेचते. वीज जाऊन पंप अचानक थांबतो. दुरुस्तीसाठी वाहिनी बंद करून रिकामी केली जाते. पंप थांबणे किंवा झडप झटक्याने मिटणे यांचा परिणाम तर डोळ्यांना न दिसणारा आहे. वाहते पाणी एकाएकी अडले की वाहिनीतून दाबाची लाट धावते, पोलादी किंवा बिडाच्या वाहिनीत सेकंदाला साधारण एक किलोमीटर या वेगाने. या लाटेला पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू असतात. एका क्षणी दाब भयंकर वाढतो आणि दुसऱ्या क्षणी तो हवेच्या दाबाखाली घसरतो. रशियाचे निकोलाय झुकोव्स्की, ज्यांना पुढे विमानविद्येचे आद्य अभ्यासक म्हणून जगाने ओळखले, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांवर प्रयोग करून या आघाताचे गणित मांडले. मोठी झडप हळूहळू, ठरलेल्या आट्यांनी फिरवायची, ही पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याची जुनी शिस्त या गणितावर उभी आहे.

उलट्या प्रवाहाची भयानकता जगाला ज्या घटनेने उमगली ती १९३३ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात घडली. त्या उन्हाळ्यात तिथे ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ नावाचे जागतिक प्रदर्शन भरले होते. विज्ञानाच्या शतकभराच्या प्रगतीचा तो उत्सव होता आणि देशभरातून लाखो माणसे लोटली होती. त्यांतली अनेक मिशिगन अव्हेन्यूवरच्या दोन नामांकित हॉटेलांत उतरली. तिथून घरी परतल्यावर त्यांना पोटदुखी, रक्ती आव आणि ताप सुरू झाला. आमांशाच्या अमीबाला शरीरात रुजायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आजार शिकागोत दिसलाच नाही. तो दूरदूरच्या गावांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या डॉक्टरांपुढे एकेक रुग्णाच्या रूपाने उभा राहिला. अनेकांवर आंत्रपुच्छाचा दाह समजून शस्त्रक्रिया केली गेली आणि काहींचा त्यातच अंत झाला. आरोग्य खात्याला ऑगस्टमध्ये चाहूल लागली होती, पण जाहीर वाच्यता नोव्हेंबरात, प्रदर्शन मिटण्याच्या सुमारास झाली. त्या काळची प्रसिद्ध नटी टेक्सास गिनन ही या दोहोंपैकी काँग्रेस हॉटेलात राहून गेली होती. ती ५ नोव्हेंबर १९३३ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये वारली. एकूण सुमारे चौदाशे रुग्ण आणि ९८ मृत्यू नोंदले गेले.

शिकागो महापालिकेच्या पाण्यात दोष नव्हता. दोष हॉटेलांच्या भिंतींआड होता. दोन्ही इमारती जुन्या, वेळोवेळी वाढवलेल्या, आणि त्यांची पाण्याची व्यवस्था एकमेकींशी जोडलेली. मूळ नळकाम कोणी केले, नंतर कोणी काय जोडले, हे सांगणारा नकाशाही धड नव्हता. तपासणाऱ्यांना पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांमध्ये थेट जोडण्या आढळल्या. तोंडे पाण्यात बुडतील अशा रीतीने बसवलेले नळ आढळले. पिण्याचे गार पाणी साठवण्याच्या टाकीवरून एक जुनी मलवाहिनी गेलेली होती. तिच्या एका भोकात कधीकाळी लाकडी बूच ठोकलेले होते आणि ते कुजले होते. विजेच्या दिव्यांनी झगमगणाऱ्या त्या प्रदर्शनापासून थोड्याच अंतरावर माणसांचे प्राण एका लाकडी बुचावर अवलंबून होते. या प्रकरणानंतर अमेरिकेत नळजोडण्यांच्या कायद्यांना धार आली आणि इमारतीच्या आतला पाइप हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे हे मान्य झाले.

दुसरी घटना मला अधिक विचार करायला लावते, कारण तिच्यात कोणाचा हलगर्जीपणा पटकन सापडत नाही. १९६९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ सरावाला उतरला होता. मैदानाजवळच्या एका नळाचे पाणी खेळाडू पीत. त्याच वाहिनीवर पुढे गवताला पाणी देणाऱ्या फवाऱ्यांचे खड्डे होते आणि त्या खड्ड्यांत पाणी साचत असे. जवळच्या घरातली मुले तिथे खेळत; त्या मुलांना कावीळ झालेली होती. ऑगस्टअखेरीस शहरात आग लागली, बंबांनी पाणी खेचले, त्या भागातला दाब कोसळला आणि खड्ड्यांतले साचलेले पाणी उलटे चढून वाहिनीत आले. नंतर दाब पूर्ववत झाला. खेळाडू पाणी प्यायले. पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता. साधारण महिन्याभराने धडधाकट तरुण एकामागोमाग एक अंथरुणाला खिळले. ९७ जणांपैकी ९० जणांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. दोन सामने खेळून संघाला उरलेला हंगाम सोडून द्यावा लागला. आग, फवारा, मुलांचा खेळ आणि तहान या चार अगदी साध्या गोष्टी होत्या. त्यांना एकत्र आणले ते काही वेळापुरत्या उतरलेल्या दाबाने.

इथवर सांगितलेला प्रकार ओढीचा. दुसरा प्रकार ढकलण्याचा आहे: वाहिनीतला दाब ठीक असतो, पण तिला जोडलेल्या एखाद्या यंत्रातला दाब त्याहून जास्त होतो. बॉयलर, कारखान्यातले पंप, गाड्या धुण्याची केंद्रे, औषध फवारणीची उपकरणे ही त्याची नेहमीची ठिकाणे. १९७९ साली सिएटल शहरात गाड्या धुण्याच्या एका केंद्रातले साबणाचे, पुन्हा पुन्हा वापरलेले पाणी याच मार्गाने आसपासच्या वस्तीच्या नळांना आले. १९८२ साली कनेक्टिकट राज्यातल्या एका गावात तर नळांतून इंधनवायू बाहेर पडू लागला. प्रोपेनची मोठी टाकी दुरुस्तीपूर्वी पाण्याने धुवून काढण्यासाठी ती रस्त्यावरच्या अग्निशमन नळाला जोडली होती. टाकीतला दाब पाण्याच्या दाबाहून जास्त निघाला आणि वायू गावाच्या जलवाहिनीत शिरला. दोन घरांना आगी लागल्या, शेकडो लोकांना घरे सोडावी लागली. पिट्सबर्गजवळ १९८० साली मात्र प्रकार पुन्हा ओढीचाच होता: वाळवीच्या औषधाच्या पिंपात बुडालेली रबरी नळी आणि जवळच त्याच वेळी कापलेली जलवाहिनी यांनी मिळून कीटकनाशक लोकांच्या घरांत पोहोचवले.

फिनलंडमधल्या नोकिया गावाचे नाव आपल्याला फोनमुळे ठाऊक आहे. त्या कंपनीला ते नाव याच गावावरून मिळाले. तिथे २००७ सालच्या नोव्हेंबरात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातली एक झडप उघडी राहिली. तिच्या एका बाजूला प्रक्रिया केलेले सांडपाणी होते आणि दुसऱ्या बाजूला पिण्याचे पाणी. दोन दिवसांत शेकडो घनमीटर सांडपाणी गावाच्या नळांत मिसळले आणि आठ हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. जगातल्या सर्वांत सुव्यवस्थित देशांपैकी एका देशात हे झाले. त्या दोन वाहिन्यांमध्ये झडप होती, पण जोडणीच मुळात असायला नको होती. बंद झडप म्हणजे संरक्षण नव्हे, असे या विषयातले जाणकार कानीकपाळी ओरडून सांगतात, कारण जी झडप बंद होते ती उघडतेही.

मग संरक्षण कशाला म्हणायचे? याचे उत्तर इतके साधे आहे की प्रथम ऐकताना विश्वास बसत नाही. पाइप तोडायचा आणि मध्ये हवा ठेवायची.

घरातल्या वॉशबेसिनकडे नीट पाहा. तोटीचे तोंड बेसिनच्या काठाच्या वर असते. बेसिन तुंबले आणि काठोकाठ भरून वाहू लागले, तरी पाणी तोटीच्या तोंडाला शिवू शकत नाही. त्या वेळी वाहिनीत निर्वात निर्माण झाला तर तोटी हवा ओढेल, बेसिनातले पाणी नाही. या मोकळ्या जागेचे माप ठरलेले आहे: अमेरिकी नियमांनुसार पाण्याच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एक इंच. हवेच्या या अंतरात झिजणारी रबरी चकती नाही, गंजणारी स्प्रिंग नाही, अडकणारा कचरा नाही. ते बिघडत नाही, कारण बिघडायला तिथे काहीच नाही. माणसाने पाण्याच्या रक्षणासाठी शोधलेल्या साधनांत याच्याइतके विश्वासार्ह दुसरे नाही, आणि त्याची किंमत शून्य आहे. आपण रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून तोंड धुतो.

हवेचे अंतर ठेवले की पाण्याचा दाब मात्र तिथेच संपतो. पुढे तो पुन्हा पंपाने निर्माण करावा लागतो. कारखाने, रुग्णालये, उंच इमारती यांना प्रत्येक ठिकाणी ते परवडत नाही. म्हणून अभियंत्यांनी यंत्रे रचली. सर्वांत साधी म्हणजे निर्वात फोडणारी झडप: वाहिनीत ओढ निर्माण होताच ती उघडते आणि पाण्याऐवजी हवा आत घेते. त्याच्या वर दुहेरी एकमार्गी झडप, एक अडकली तर दुसरी आधाराला. आपल्याकडचे प्लंबर एकमार्गी झडपेला ‘एनआरव्ही’ म्हणतात आणि एकच बसवून काम झाले असे मानतात. पण एकमार्गी झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि ती मिटली नाही हे बाहेरून कोणालाच कळत नाही. ही तिची सर्वांत मोठी उणीव.

ती उणीव ज्या यंत्राने भरून काढली त्याची रचना मला अभियांत्रिकीतल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. त्याला ‘आरपीझेड’ या नावाने ओळखतात. त्यात दोन एकमार्गी झडपा एकापुढे एक असतात आणि त्यांच्या मध्ये एक लहान कक्ष असतो. पहिली झडप अशी बनवलेली असते की तिच्यातून जाताना पाण्याचा दाब थोडा कमी व्हावाच. त्यामुळे मधल्या कक्षातला दाब शहराच्या वाहिनीतल्या दाबाहून सदैव कमी राहतो. कक्षाच्या तळाला तिसरी झडप असते, बाहेर हवेत उघडणारी. शहराच्या बाजूचा दाब आणि कक्षाचा दाब यांतला फरक ठरावीक मर्यादेच्या, साधारण दर चौरस इंचाला दोन पौंडांच्या, खाली आला की ती आपोआप उघडते आणि कक्षातले पाणी जमिनीवर सांडते. समजा दुसरी झडप गळू लागली आणि कारखान्यातले रसायन कक्षात आले. कक्षाचा दाब वाढेल, तळाची झडप उघडेल आणि रसायन फरशीवर पडेल. समजा शहराचा दाब कोसळला. तेव्हाही फरक नाहीसा होईल, तळाची झडप उघडेल, कक्ष रिकामा होईल आणि मध्ये हवा येईल. दोन्ही झडपा एकाच वेळी निकामी झाल्या तरी घाण शहराकडे जाण्याआधी बाहेर पडायला वाट मिळते. म्हणजे बिघाड झाला तर हे यंत्र गप्प बसत नाही. ते सांडते, फरशी ओली करते आणि लोकांना बोलावून घेते. शेवटी त्याने केले काय, तर संकटाच्या क्षणी तेच हवेचे अंतर स्वतःच्या पोटात निर्माण केले.

अशी यंत्रे बसवून भागत नाही, ती तपासावी लागतात. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९४४ साली या एका प्रश्नासाठी स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. ती उलटा प्रवाह रोखणारी यंत्रे प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष जागेवर पारखते, तपासण्याच्या रीती ठरवते. अनेक शहरांत परवानाधारक तपासनीस दरवर्षी प्रत्येक यंत्राला मापक लावून पाहतो आणि त्याचा दाखला पाणीपुरवठा खात्याकडे जातो. दाखला आला नाही तर जोडणी तोडली जाते. एका व्यापाऱ्याच्या दुकानातली झडप ही साऱ्या वस्तीची बाब मानायची, या भूमिकेला मी मनापासून दाद देतो.

आता आपल्याकडे. आतापर्यंत सांगितलेल्या परदेशी घटनांत दाब जाणे हा अपवाद होता. आपल्या बहुतेक शहरांत तो रोजचा कार्यक्रम आहे. मुंबईचेच उदाहरण घ्यावे. १८६० साली विहार तलावाचे पाणी आणून या शहराने आधुनिक पाणीपुरवठ्याचा आरंभ केला. पुढे तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा जोडले गेले. आज रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी शंभर किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून, बरेचसे केवळ उताराच्या बळावर, शहरात येते. भांडुपचे शुद्धीकरण केंद्र आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी आहे. मोठ्या वाहिन्या आणि खडकातले जलबोगदे सदैव भरलेले असतात. पण गल्लीतली वाहिनी दिवसाचे काही तासच भरते. चावीवाला रस्त्यावरच्या चेंबरमध्ये लांब दांड्याची चावी घालून एका विभागाचे पाणी सोडतो, दुसऱ्याचे बंद करतो. बंद झालेल्या विभागातले उरलेले पाणी सखल भागातल्या नळांतून निथळते आणि उंचावरच्या नळांत ओढ निर्माण होते. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, सगळीकडे हेच चित्र आहे, कुठे काही तासांचे तर कुठे काही दिवसांचे. रिकाम्या वाहिनीला भेगांतून काय मिळते हे तिच्या शेजारी काय आहे यावर अवलंबून. म्हणूनच जलवाहिनी आणि मलवाहिनी यांच्यात आडवे तीन मीटर अंतर ठेवावे असे केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत सांगितले आहे. दाट वस्तीत तीन मीटर रुंदीची गल्लीच नसते. तिथे घरोघरी गेलेले पाइपांचे जुडगे उघड्या गटाराच्या काठाने, कधी गटारातूनच जातात.

या व्यवस्थेचे परिणाम मोजले गेले आहेत. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागले आणि बाकी शहराला पूर्वीसारखेच काही दिवसांआड मिळत राहिले. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय जिवाणू सापडले. थांबून थांबून पाणी येणाऱ्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत. शहर तेच. फरक मुख्यतः वाहिनीतल्या दाबाचा. पाणी आल्यावर पहिल्यांदा जे येते त्यात दूषितता जास्त असते हेही त्यात दिसले. चाळीतल्या बाया पहिली बादली मोरी धुवायला किंवा झाडांना घालतात आणि दुसरीपासून पिण्याचे भरतात, त्यामागे शास्त्र आहे.

यात भर घालते ती थेट वाहिनीला लावलेली मोटर. पाणी कमी दाबाने येते म्हणून एक जण मोटर लावतो, मग शेजाऱ्याला पाणी मिळेनासे होते म्हणून तोही लावतो. गल्लीतल्या दहा मोटरी एकाच पाइपमधून पाणी ओढू लागल्या की त्या पाइपमधला दाब हवेच्या दाबाखाली जातो आणि पाणी चालू असतानाही भेगांतून गटार आत येऊ लागते. महापालिकांचे नियम यावर बंदी घालतात, अधूनमधून मोटरी जप्त होतात, पण कारवाई पाणीचोरी म्हणून होते. मोटर लावणारा माणूस चोर आहे की नाही यापेक्षा तो साऱ्या गल्लीला आजार पाजतो आहे, हे त्याला समजावून सांगणे अधिक निकडीचे आहे. बहुतेकांना ते खरोखरच ठाऊक नसते.

पावसाळ्यात आणखी एक वाट उघडते. मोठ्या वाहिन्यांवर ठिकठिकाणी हवा सोडण्या-घेण्यासाठी एअर व्हॉल्व्ह असतात. वाहिनी रिकामी होताना ते हवा आत घेतात, नाही तर वाहिनी चेपली जाईल. पण त्यांचे चेंबर पावसाच्या पाण्याने भरलेले असेल तर हवेऐवजी चेंबरमधला गाळ आत जातो. जून-जुलैत गॅस्ट्रो आणि काविळीचे रुग्ण वाढतात तेव्हा महापालिका पाणी उकळून पिण्याचे आवाहन करते. ते योग्यच आहे, पण त्याआधी मे महिन्यात हे चेंबर उपसून, उंच करून, झाकून घेतले तर पुष्कळ आजार टळतील.

दूषितता ओळखण्याचे एक साधन मात्र आपल्याकडे गावोगावी पोहोचले आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकतो आणि पाणी पिवळे होते का ते पाहतो. पिवळा रंग म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकानुसार ते नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर नेमाने पडते आहे, टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग येतो, पण वाहिनीच्या शेवटच्या टोकाला येत नाही, असे दिसले तर मध्ये कुठेतरी घाण शिरते आहे आणि क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात संपते आहे असा संशय घ्यावा. ही चाचणी टाकीजवळ न करता शेवटच्या घरात केली पाहिजे. प्रत्यक्षात ती सोयीच्या ठिकाणी होते, हे दुर्दैव.

चोवीस तास दाबाखाली पाणी ही चैन आहे असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. लोक पाणी वाया घालवतील, असे म्हटले जाते. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून आणि गळत्या बुजवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. ओडिशातले पुरी शहर २०२१ साली थेट नळाचे पाणी पिता येण्याच्या दर्जापर्यंत पोहोचले. पाणी साठवण्याची धास्ती गेली की पिंपे भरून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी ओतून देणे थांबते. माझ्या मते चोवीस तास पुरवठ्याच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा सोयीचा नाहीच, आरोग्याचा आहे: सदैव भरलेली वाहिनी बाहेरचे आत घेत नाही. तो दिवस येईपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे लागेल.

गच्चीवरची टाकी आणि तळटाकी ही आपल्या इमारतींना मिळालेली मोठी देणगी आहे. महापालिकेचे पाणी टाकीत वरून पडते, तिथे हवेचे अंतर तयार होते आणि इमारतीतली घाण शहराच्या वाहिनीत जाऊ शकत नाही. पण हे अंतर खरोखर आहे का, हे कोणी पाहत नाही. आवाज नको म्हणून आत येणाऱ्या पाइपला तुकडा जोडून तो पाण्यात बुडवलेला असतो, किंवा ओव्हरफ्लोचे तोंड इतके वर असते की टाकी भरली की नळ बुडतो. संडासातल्या जेट स्प्रेची नळी कमोडमध्ये लोंबकळत असते. कपडे धुण्याच्या यंत्राची, बागेची, गाडी धुण्याची नळी पाण्यात टाकून माणसे आत निघून जातात. बोअरवेलचे पाणी आणि महापालिकेचे पाणी एकाच पाइपात आणून मध्ये फक्त एक झडप ठेवलेली असते. नोकियाची चूक याहून वेगळी नव्हती.

घरात पाहण्यासारखे एवढेच: कोणत्याही नळाचे, नळीचे किंवा स्प्रेचे तोंड साठलेल्या पाण्यात बुडालेले नसावे, आणि मोटर तळटाकीला लागावी, रस्त्याच्या वाहिनीला नव्हे. नळाला अचानक वास आला, फेस आला किंवा रंग बदलला तर पाणी वाहू देऊन गप्प बसू नका. विभाग कार्यालयात तक्रार नोंदवा आणि नमुना तपासायला लावा, कारण तेच पाणी तुमच्या आधीच्या आणि नंतरच्या घरांतही जाते. गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी टाक्या धुवायला माणसे बोलवाल तेव्हा टाकी रिकामी असतानाच प्लंबरला आत उतरवा, आत येणाऱ्या पाइपचे तोंड ओव्हरफ्लोच्या वर त्याच्या व्यासाच्या दुप्पट आणि किमान एक इंच आहे का हे पट्टीने मोजून घ्या, आणि अग्निशमनाची किंवा बोअरची वाहिनी पिण्याच्या वाहिनीला कुठे जोडलेली आढळली तर ती जोडणी त्याच दिवशी तोडून टाका.